जोर्गोला अलीकडे आणताना

घोडा विजेवर चालणारा असला म्हणजे त्याच्या जाण्याचं दुःख कमी असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचा जुना कॉम्प्युटर बंद पडला त्या दुपारी माझ्या सासऱ्यांना पाहायला हवं होतं. आधी बारीक धूर आला, मग जर्दाळूचा मुरंबा तळाला लागावा तसा वास आला, आणि पडदा काळा झाला. आबा खुर्चीत तसेच बसून राहिले. मांडीवर चाबूक. चाबूक खराखुरा, चामड्याचा, त्यांच्या वडिलांचा. 'निळी खिंड' हा गेम खेळताना तो त्यांना हातात लागतोच. "त्या प्लास्टिकच्या उंदराला घोडा काय भीक घालणार?" असं त्यांचं म्हणणं.

"चहा आणू का, आबा?" मी विचारलं.

"नको. तो पाण्यापाशी उभा होता," ते म्हणाले. "लगाम काढायचा राहिला."

आबा जनावरांचे डॉक्टर. उभी हयात घोड्यावर बसून जायलोवर, म्हणजे वरच्या उन्हाळी कुरणांवर हिंडण्यात गेली. मग खुब्याच्या हाडाने संप पुकारला तो पुकारलाच. त्या वेळी शाळेत असलेल्या माझ्या मुलाने, सांजारने, त्यांना हा गेम लावून दिला. सांजार मोठा होऊन राजधानीत, बिश्केकला गेला, गेम इथे काराकोलला, आमच्या घरी राहिला. रोज दुपारच्या चहानंतर आबा स्वारीला निघायचे. त्या गेममध्ये दरोडेखोर आहेत, गाडलेला खजिना आहे, कुणा खानाची रुसलेली मुलगीही आहे म्हणे. आबांनी यातलं काहीएक पाहिलं नाही. ते त्या बाजूला जातच नसत. त्यांचा घोडा जोर्गो, फिकट पिवळा, काळ्या आयाळीचा. त्याच्यावर बसायचं, खिंडीपर्यंत जायचं, ओढ्यावर पाणी पाजायचं, खरारा करायचा, परत यायचं. पडद्याच्या कोपऱ्यात 'मोहिमेत प्रगती नाही' अशी पाटी सतत लुकलुकायची. आबा तिला माशी समजत.

आणि सुरुवातीला एक चौकट यायची. 'ये, अमुक. जोर्गो वाट बघतोय.' अमुकच्या जागी आबांचं नाव. नुसतं नाव, मागेपुढे काही नाही. ती चौकट आली की मी खिडकीतून बाहेर बघायची. आमच्यात सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. माझा या गोष्टींवर विश्वास आहे असं नाही. मी मतदान करते, प्रिंटर दुरुस्त करते. पण जीभ वळत नाही त्याला काय करणार? त्यांच्या पेन्शनच्या कागदांच्या प्रती काढतानासुद्धा मी त्या नावावर बोट ठेवूनच कागद यंत्रापर्यंत नेते. सासूबाई तर माझ्या वरताण. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नापासून उच्चारलेलं नाही. शिवाय त्यांच्या सासऱ्यांच्या नावात लांडगा होता, म्हणून लांडग्याला त्या आजतागायत 'तो ओरडणारा' म्हणतात. एकदा मेंढ्यांवर लांडगा आला तेव्हा त्या "तो ओरडणारा आला, तो ओरडणारा आला" असं किंचाळत वस्तीत धावल्या. सामुदायिक शेतीचा अध्यक्ष आला असं समजून सगळे पुरुष मागच्या दाराने पसार झाले. सात मेंढ्या गेल्या.

असो. सांजारने नवा लॅपटॉप पाठवला आणि फोन केला.

"आई, यावर लिनक्स घातलंय. फुकट आहे, हलकं आहे, कटकट नाही. फक्त आजोबांचा गेम यावर चालणार नाही. तो विंडोजसाठी बनवलेला, आणि बनवणारेच आता उरले नाहीत. त्यांना दुसरा एखादा घोड्यांचा गेम लावून दे ना. नवे काय सुंदर आलेत!"

मी आबांना समजावलं. नव्या गेममधल्या घोड्यांची चित्रं दाखवली. त्यांनी एकेकाचे दात बघावेत तशी ती निरखून पाहिली.

"सूनबाई," ते म्हणाले, "घोडा मेला तर माणूस दुसरा घेतो. हा मेलेला नाही. पलीकडे अडकलाय."

या वाक्यावर कुणीही शहाणी बाई स्वयंपाकघरात निघून गेली असती. मी म्हटलं, "आणते मी त्याला अलीकडे."

आबांनी चाबकाची मूठ अंगठ्याने चोळली. "आणि ती सुरुवातीची ओळ? ती पण येईल?"

"सगळं येईल, आबा. ओढा, खिंड, ओळ, सगळं."

घोड्यांचं वेड असलेल्या माणसाला ओळीचं काय पडलंय, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी मनातल्या मनात बाह्या सरसावत होते.

माझं फोटोकॉपीचं दुकान आहे, बाजाराच्या कोपऱ्यावर. मला कुणी काही शिकवलेलं नाही. गिऱ्हाईक नसलं की एखादं यंत्र उघडून बसायचं आणि ते का रुसलंय ते बघायचं, एवढंच माझं विद्यापीठ. माझ्या नवऱ्याला, एर्मेकला, या विद्यापीठाबद्दल फारसा आदर नाही. तो शाळेत कुस्ती शिकवतो. जे उचलून आपटता येत नाही त्याला तो विषय मानत नाही.

"नुरझात," तो म्हणाला, "कागदाच्या दोन प्रती काढता आल्या म्हणून घोड्याच्या पण येतील असं नाही हं."

"तू तुझी पोरं आपट," मी म्हटलं.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढे कुणी मला हसणार नाही. गेम हा परदेशी पाहुण्यासारखा असतो. तो आपल्या घरच्या प्रणालीशी, म्हणजे इथे विंडोजशी, सारखा बोलत असतो: पडदा उघड, डोंगर काढ, टापांचा आवाज कर, किती वाजले? नवी प्रणाली स्वभावाने चांगली, पण तिला त्याची बोली येत नाही. तर मध्ये एक दुभाषी बसवायचा. असा एक दुभाषी फुकट मिळतो. जगभरच्या सज्जनांनी, एकमेकांचं तोंडही न बघता, बसल्या जागी तो थोडा थोडा बांधलाय. आमच्याकडे कुणी घर बांधायला काढलं की सगळी गल्ली फावडी घेऊन येते, राबते, जेवते आणि जाते, त्याला आम्ही अशार म्हणतो. हा दुभाषी म्हणजे जगातला सगळ्यात मोठा अशार, फक्त जेवण नाही. पण 'निळी खिंड' इतकी आडगावची की तिचे बरेचसे शब्द त्या दुभाष्यालाही ठाऊक नव्हते. ते त्याला मी शिकवायचे होते.

एक गोष्ट मात्र जुन्या कॉम्प्युटरबरोबर कायमची गेली होती. आबांचा गेममधला कळप, जोर्गोसकट, जुन्या डिस्कवरून मी सहीसलामत वाचवला, पण स्वार कोण आहे याची नोंद गेम स्वतःकडे ठेवत नव्हता. ती जुन्या प्रणालीच्या पोटात होती. म्हणजे 'स्वार कोण?' असं गेमने विचारलं की दुभाष्याने काय सांगायचं ते मीच भरायला हवं होतं. मी भरलं: 'घरचे मोठे'. मी नेहमी सगळीकडे हेच लिहिते. लिहिलं, समाधानाने मान हलवली आणि विसरून गेले.

पहिल्या रविवारी दुपारी गेम सुरू झाला. पडदा काळाकुट्ट. पण आवाज येत होते. टापा. लांबवर ओढा. कुणीतरी फुरफुरलं.

"चित्र नाही आलं अजून," मी घाईने म्हटलं. "बंद करते."

"राहू दे," आबा म्हणाले. "धुकं आहे."

"आबा, धुकं नाही, ते..."

"खिंडीत असंच असतं. घोड्याला वाट ठाऊक असते, आपण गप्प बसायचं."

ते डोळे मिटून बसले. खिडकीत सफरचंदाच्या फोडी वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर ऊन होतं. काळ्या पडद्यातून टापा येत होत्या, मऊ मातीवरच्या, मग दगडांवरच्या, मग लाकडी पुलावरच्या. मी हातातलं काम टाकून ऐकत राहिले. पूल संपला तेव्हा मलाच हायसं वाटलं, जसं काही मीच पलीकडे उतरले. सासूबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "दोघं मिळून काळी पाटी बघताय? बरंय ना सगळं?"

पुढच्या आठवड्यात चित्र आलं. जमीन सोडून सगळं आलं. वर आभाळ, खालीही आभाळ, आणि मध्ये कुंपणापाशी एक घोडा निळाईत पाय सोडून उभा.

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या. "त्याला आधी जमीन दे! किती वेळ लोंबकळणार बिचारा?"

शेजारचे मेदेर-आके, म्हणजे मेदेरदादा, चहाला आले होते. ते निवृत्त भूमापक. आमच्या गल्लीत जमिनीचा विषय निघाला आणि ते गप्प बसले असं कधी झालेलं नाही. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "नुरझात, तू समुद्रसपाटी कुठली धरलीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, यात समुद्र नाही. "तिथेच चुकतंय," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या सासूबाईंच्या बशीतला शेवटचा बोरसोक, तळलेल्या पिठाचा गोळा, उचलला.

इकडे मी जमीन शोधत होते आणि तिकडे सासूबाई बाजारात दुधाच्या रांगेत सांगत होत्या, "आमच्या ह्यांचा घोडा पलीकडे अडकलाय. सूनबाई आणतेय त्याला, कुणाला पत्ता लागू न देता." आमच्या गावात पलीकडे म्हणजे डोंगराच्या पलीकडे, आणि डोंगराच्या पलीकडे म्हणजे दुसरा देश. चौथ्या दिवशी दुकानात पशुवैद्यकीय निरीक्षक हजर. तुरात नाव त्याचं. आबांच्या हाताखाली शिकलेला, मला एजे, म्हणजे ताई, म्हणणारा, बगलेत फाइल, कपाळावर घाम.

"नुरझात-एजे, तुमच्यावर तक्रार आहे. सीमेपलीकडून घोडा, दाखल्याशिवाय. कुठाय जनावर?"

"लॅपटॉपमध्ये."

तुरातने फाइल मिटली. पुन्हा उघडली. "असं कसं चालेल, एजे? तक्रार नोंदली गेली. नोंदली म्हणजे निकाली निघायला हवी. घोडा आहे म्हटलं तर त्याला एकवीस दिवस वेगळं बांधायला हवं. नाही म्हटलं तर तक्रार खोटी ठरते, मग तक्रारदाराला बोलवावं लागतं. आणि तक्रारदार माझा साडू आहे. तुम्ही मला घर तोडायला सांगताय."

मी त्याला घरी आणलं. वाटलं, आबा त्याला दोन शब्द सुनावतील आणि विषय संपेल. आबा उलट ताठ बसले. किती दिवसांनी त्यांच्याकडे कुणी कामासाठी आलं होतं.

"जनावर न बघता तू कागद करणार होतास, तुरात?"

"नाही, डॉक्टर-आके."

"मग बघ. डोळे बघ. नाक बघ."

तुरातने पडद्यासमोर उकिडवं बसून डोळे पाहिले, नाक पाहिलं. मग पायांकडे आला आणि थबकला. बराच विचार करून त्याने लिहिलं, ते मी मागून वाचलं: 'जनावर जमिनीच्या संपर्कात नाही. सबब संसर्गाचा संभव नाही.' सही केली, शिक्का मारला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सरकारी कागदांच्या प्रती काढल्या आहेत. इतका समंजस कागद दुसरा पाहिलेला नाही.

तो गेल्यावर आबा हलकेच म्हणाले, "चांगलं केलं पोराने. पण हा जोर्गो नाही."

खरंच नव्हता. तो लठ्ठ तांबडा घोडा होता, नवख्यांना सरावाला देतात तो.

"सगळं नीट झालं की जोर्गो आपोआप येईल, आबा," मी म्हटलं. मला तसं मनापासून वाटत होतं. नाहीतरी मी पायाखालच्या जमिनीच्या मागे होते.  पण त्या दिवसापासून आबा दुपारी खुर्चीत येऊन बसेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. चहा तसाच गार व्हायचा. चाबूक मात्र उशाशी असायचा.

 सासूबाई माझ्यासमोर चहाची पियाली ठेवताना जरा जोरात ठेवायच्या.

जमीन सापडली ती सफरचंदं संपता संपता. समुद्रसपाटीवर नव्हती, एवढं मी मेदेर-आकेंना मुद्दाम सांगितलं. आता फक्त वेग उरला होता. गेम विचारायचा 'किती वेळ झाला?', नवी प्रणाली तिच्या मापाने उत्तर द्यायची, आणि गेम ते त्याच्या मापाने समजून घ्यायचा. त्यामुळे घोडा एकतर माशीसारखा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा, नाहीतर चालायचाच नाही. मधला आकडा काढायचा तर घोड्याची खरी चाल माहीत हवी, आणि मी आयुष्यात घोड्यावरून फक्त पडलेली आहे.

"यात काय," मेदेर-आके म्हणाले. "अशार करू."

मी हसले. ते हसले नाहीत. रविवारी सकाळी सासूबाईंनी कढई चढवली तेव्हा मला कळलं की हे खरंच होणार आहे. अशार म्हटलं की बोरसोक तळावेच लागतात. किती माणसं आणि काय काम, हे नंतर बघायचं. दुपारपर्यंत आमची बैठकीची खोली भरली. मेदेर-आके मोजपट्टी घेऊन आले. तुरात आला, या वेळी फाइलशिवाय. पलीकडच्या घरातल्या सोनुनबुबू-एजे, ज्यांनी आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलं, त्या दही घेऊन आल्या. कोपऱ्यावरचे दोन म्हातारे भाऊ सवयीने फावडी घेऊनच आले. ती दाराशी टेकवून ठेवली. एर्मेक मात्र पोरांना घेऊन गावाजवळच्या सरोवराच्या पार दुसऱ्या टोकाला कुस्त्यांना गेला होता. जाताना म्हणाला, "घोडा आला तर त्याला माझा नमस्कार सांग." आबांना आम्ही दोघी-तिघींनी धरून खुर्चीत आणून बसवलं. ते सगळ्यांशी छान बोलले. पडद्याकडे बघितलं नाही.

मी आकडा घातला. घोडा सुटला तो दिसलाच नाही.

"हा घोडा नाही, तार आहे," मेदेर-आके म्हणाले.

मी आकडा खाली आणला. फार खाली आला. आणि मग जे झालं ते माझ्या हिशेबात नव्हतं. घोडा चालू लागला, पण असा हळू, की एकेक टाप जमिनीला विचारून टेकत होती. आयाळ धुरासारखी उठायची आणि बसायचं विसरून जायची. मागे खिंड निळी होत गेली. कुठल्याशा आकड्याचं चिन्ह माझ्या हातून उलटं पडलं होतं म्हणून की काय, बर्फ पडायला लागला तो खालून वर. गवतातून पांढरे ठिपके निघत होते आणि घोड्याच्या पोटाला, मानेला चाटून आभाळात जात होते.  खोलीत चहाचा सामोवार तेवढा आपल्याशी पुटपुटत होता. फावडीवाल्या भावांपैकी थोरल्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझ्या लग्नात घोडा असाच आला होता," सोनुनबुबू-एजे म्हणाल्या. "इतका हळू. मला वाटलं, येतच नाही आता."

"तुमच्या नवऱ्याला घोड्यावर बसता येत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून हळू."

मग सगळे एकदम बोलायला लागले. जोर्गो चालीचा घोडा असतो, डौलाचा, स्वाराच्या हातातली पियाली हिंदकळू न देणारा. त्याची चाल कशी हे प्रत्येकाने टाळ्या वाजवून दाखवायला सुरुवात केली, आणि प्रत्येकाची टाळी वेगळी. मेदेर-आकेंची टाळी सोनुनबुबू-एजेंना बेताल वाटली. एजेंच्या टाळीवर तुरात म्हणाला की या चालीने जनावर दोन दिवसांत लंगडं होईल. धाकट्या भावाने ठासून सांगितलं की हे उंटाचं चाललंय. मी एका हाताने आकडे बदलतेय, दुसऱ्या हाताने पियाल्या भरतेय, आणि समोर तो बिचारा लठ्ठ तांबडा कधी पळतोय, कधी तरंगतोय.

तेवढ्यात लाकडावर काहीतरी वाजलं. आबा. चाबकाच्या मुठीने खुर्चीच्या हातावर, न बघता, नेहमीच्या सवयीने: टक-टक-टक-टक, सरळ, मऊ, एका मापाने. सगळ्यांच्या टाळ्या बंद पडल्या. मी आकडा सरकवत गेले, सरकवत गेले, आणि टापा त्या टकटकीत मिसळून वेगळ्या ऐकू येईनाशा झाल्या. दोन्ही मिळून एकच आवाज.

"थांब," आबा म्हणाले. "हीच."

खोलीत आरडाओरडा झाला. थोरल्या भावाने फावडं उचलून पुन्हा ठेवलं. काहीतरी उचलायची गरज होती. मी गेम बंद करून पहिल्यापासून सुरू केला, थाटात, सगळ्यांसमोर. चौकट आली: 'ये, घरचे मोठे. घोडा निवड.' कुंपणापाशी लठ्ठ तांबडा, एकटा. मागचं कुरण रिकामं.

आबांनी चौकट वाचली. मग माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या दवाखान्यात वाचणार नाही अशा जनावराच्या मालकाकडे बघून ते असे हसायचे, हे तुरातने मला नंतर सांगितलं.

"छान झालं, सूनबाई. हाच घोडा चालेल मला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कळप त्या घरात होता, मालक दाराशी उभा होता, आणि मी दारावर भलत्याच माणसाची पाटी लावली होती. 'घरचे मोठे' नावाचा कुणी स्वार त्या खिंडीत कधी गेलाच नव्हता. जोर्गो कुणाकडे येणार?

मी खाली मान घालून सगळ्यांना सांगितलं.  एवढे आकडे, एवढी जमीन, आणि चूक कुठली, तर सुनेची मर्यादा.

"एवढंच ना?" मेदेर-आके म्हणाले. "सरक, मी लिहितो." त्यांनी आबांचं नाव लिहिलं आणि मागे 'आके' जोडलं. यंत्र म्हणालं, असा स्वार नाही.

"आके काढा," मी म्हटलं.

मेदेर-आकेंनी बोटं आखडून घेतली. "माझ्या थोरल्या भावाच्या बरोबरीचे ते. नुसतं नाव लिहू? तोंडावर? उद्या माझ्या घरी कुणी पाणी पिईल का?" तुरातने आळीपाळीने पुढे 'डॉक्टर' लावून पाहिलं, मागे 'साहेब' लावून पाहिलं. यंत्राला पदव्यांचं काही नव्हतं. फावडीवाले भाऊ छत बघत होते. पूर्वी ते नाव सांजारने भरलेलं, शाळेत असताना. नातवंडांना सगळं माफ. सांजारचा फोन लागत नव्हता. एर्मेक सरोवराच्या पलीकडे.

"आबा," मी म्हटलं, "तुम्हीच लिहा ना. आठ अक्षरं तर आहेत."

आबांनी चाबूक मांडीवर आडवा ठेवला.

"आपणच आपल्याला हाक मारायची?" ते म्हणाले. "त्यात काय अर्थ आहे, सूनबाई."

मग, जणू काही हवापाण्याबद्दल बोलावं तसं, ते म्हणाले, "आई होती तोवर ती मारायची. मग थोरला भाऊ. तो गेला. आता सगळ्यांचा मी आबा, आके, डॉक्टर. चांगलंच आहे. मान आहे. पण दुपारी ते यंत्र तेवढं म्हणायचं... ये, म्हणायचं."

ओळ. ती सुरुवातीची ओळ. सगळं येईल आबा, असं मी म्हटलं होतं, आणि नेमकी तीच पलीकडे ठेवून आले होते. मी बोटं कळांवर ठेवली. माझी बोटं, जी कुठलंही यंत्र उघडतात, ती पहिल्या अक्षरावर जाईनात. सगळी गल्ली बघत होती. सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या, हाताला पीठ, डोक्यावरच्या रुमालाला तेलाचा वास. आता या म्हणणार, खबरदार.

"लिही," सासूबाई म्हणाल्या.

"कसं लिहू, आपा?" मी सासूबाईंना विचारलं.

"मी सांगते तसं."

आणि त्यांनी आबांचं नाव घेतलं.

मोठ्याने नाही. पण स्पष्ट, ओढ्याच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला हाक मारावी तसं, शेवटचं अक्षर जरासं लांबवून. ज्या बाईने लांडगा दारात आला तरी लांडगा म्हटलं नाही तिने. मेदेर-आकेंनी हातातली पियाली टेकवली ती बशीच्या बाहेर. आबांनी मान वर केली आणि सासूबाईंकडे असं बघितलं, की आम्ही सगळ्यांनीच दुसरीकडे बघणं बरं.

"ओ," आबा म्हणाले.

मी लिहिलं. एका बोटाने, एकेक अक्षर, आणि शेवटची कळ दाबली. चौकट आली, जुनीच, सगळी ओळ जिथल्या तिथे. कुरणाच्या टोकाला, ओढ्याशी, काहीतरी फिकट पिवळं हललं. त्याने मान वळवली. लगाम अजून तोंडातच होता. तो निघाला, सरळ, मऊ, एका मापाने, आणि सोनुनबुबू-एजेंनी तोंडात बोरसोक कोंबला, कारण त्यांना गाणं फुटत होतं.

"आधी लगाम काढा त्याचा," सासूबाई म्हणाल्या. "कधीचा उभा आहे."

जोर्गो अलीकडे आला, त्याचा जेवणाचा कार्यक्रम अंधार पडेपर्यंत चालला, आणि एर्मेक परतला तेव्हा त्याच्यासाठी फक्त दही उरलं होतं. नमस्कार पोचवलाय, असं मी त्याला सांगितलं.

बर्फाचं चिन्ह मी अजून सुलटं केलेलं नाही. करणार होते. "राहू दे," आबा म्हणाले, "वारा खालून असला की खिंडीत असाच जातो." तेव्हा जगात इतरत्र तो वरून पडतो आणि आमच्याकडे दुपारच्या चहानंतर वर जातो.

सासूबाईंना पूर्वी त्या यंत्राशेजारी दोन मिनिटं बसवत नसे. आता चहा झाला की त्या चष्मा पुसून आबांच्या शेजारी स्टूल ओढतात. चौकट आली की ती मोठ्याने वाचतात, सगळी, नावासकट. "लहान अक्षर दिसतंय का ते बघते," त्या म्हणतात. "डोळ्यांचं काय सांगता येतंय या वयात?"

डोळे उत्तम आहेत. मी खिडकीतून बाहेर बघते. आणि ते नाव कुठलं, हे तुम्ही एवढं वाचून मला विचाराल तर मी सांगणार नाही; एकदा लिहिलंय, तेवढं पुरे.